पंचनाम्यावर माझी सही आहे

पंचनाम्यावर माझी सही आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणी मला फार मोठा क्रांतिकारक समजायचा.

तिसरी पाळी सुटली होती. सकाळचे सात. गेटवर झडती चालू. आमच्या रिंग खात्यात साच्याखालचं झाडणारी एक बाई आहे. नाव लिहीत नाही, तिला नातवंडं बघायचीत अजून. तिच्या डब्याच्या पिशवीत वॉचमनला कापूस सापडला. कापूस कसला, वेस्ट. साच्याखाली पडलेला, तेलकट, दिवसभर आमच्याच पायाखाली तुडवलेला गोळा. काट्यावर टाकला. भरला चारशे ग्रॅम. बाजारात त्याचे पन्नास रुपये कुणी देणार नाही. तिला लेकीच्या बाळंतपणासाठी एक उशी भरायची होती.

पोलीस अर्ध्या तासात हजर. दोन पंच पाहिजे होते. साहेबांनी खात्यावर नजर फिरवली आणि माझ्यावर बोट ठेवलं. "ह्याला लिहितावाचता येतं, कविता-बिविता करतो, ह्याची घ्या." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अक्षराला गिरणीत किंमत आली. मी सही केली. चांगली वळणदार केली. ती बाई माझ्याकडं बघत होती. बोलली काही नाही.

कलम लागलं ३०६.

आठवीत शाळा सुटलेला मी. जुन्या बाजारातनं भारतीय न्याय संहितेचं पुस्तक आणलं आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात वाचत बसलो. एकेक कलम तीन-तीनदा. कारण ज्या कागदावर आपण सही ठोकली त्याचा अर्थ तरी कळावा.

अशात परवा वस्तीतल्या वाचनालयात एका वकीलसाहेबांचं व्याख्यान झालं. आपलेच. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून बोलायला उभे राहिले. म्हणाले, "चोरी ती चोरी. दहा रुपयांची काय नि दहा कोटींची काय. कायदा जात बघत नाही, खिसा बघत नाही. आपल्या समाजानं आता रडगाणं बंद करावं." टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. हा लेख म्हणजे ती न वाजवलेली टाळी समजा.

वकीलसाहेब, तुम्ही खोटं बोललात. चोरी ती चोरी नसते, हे कायद्याच्या पुस्तकातच छापलेलं आहे. साधी चोरी, कलम ३०३ : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. १८६० च्या जुन्या दंडविधानात हीच ३७९ होती. राहत्या घरातून, गाडीतून, देवळातून उचललं की ३०५, सात वर्षं. हिसकावून पळालं की ३०४, हे नवं कलम. मारण्याची भीती घालून घेतलं की जबरी चोरी, दहा वर्षं. तेच हमरस्त्यावर, सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत केलं तर चौदा. पाच जण मिळून केलं की दरोडा, जन्मठेपेपर्यंत. चार जण असले तर दरोडा नाही. एक डोकं वाढलं की गुन्ह्याचं नाव बदलतं. मग ज्या कायद्याला डोकी मोजता येतात, सूर्य कधी मावळला ते बघता येतं, त्याला हात कुणाचा आणि खिसा कुणाचा हे दिसत नाही असं कसं म्हणता?

दिसतं. चांगलं दिसतं. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली, तिच्यात ३०३ मध्ये एक दया आहे. चोरी पाच हजारांच्या आतली असली, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असला, आणि त्यानं वस्तू किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. चांगली गोष्ट. मी चांगलीच म्हणतो. पण ही दया ३०३ मध्ये आहे. ३०६ मध्ये नाही. ३०६ म्हणजे नोकरानं मालकाच्या ताब्यातलं चोरणं, सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. म्हणजे रस्त्यावर अनोळखी माणसाचे चार हजार मारणारा समाजसेवा करून घरी जाऊ शकतो. आणि आमच्या खात्यातली बाई, जिच्याकडून चारशे ग्रॅम वेस्ट गेटवरच काढून घेतलं, तिच्या डोक्यावर सात वर्षं टांगलेली. का? तर ती नोकर आहे. तिनं मालकाचा विश्वास मोडला.

ठीक. विश्वास मोडणाराला जास्त शिक्षा. तत्त्व मला मान्य. आता हेच तत्त्व घेऊन गेटच्या आत चला.

पंचनाम्यानंतर आठ दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. जायला तोंड नव्हतं, तरी गेलो. ती कामावरनं बंद झाली होती. चहा दिला. सहीचा विषय तिनं काढला नाही. म्हणाली, "तुला मोबाईलमधलं कळतंय न्हवं? माझा फंड किती जमलाय तेवढं बघ की. आता तेवढाच आधार हाय." मी पासबुक उघडलं. चौदा महिने एक रुपया भरलेला नाही. पगाराच्या पावत्या तिनं डब्यात जपून ठेवलेल्या. प्रत्येक पावतीवर कपात आहे. नऊ हजारावर बारा टक्के, एक हजार ऐंशी. चौदा महिन्यांचे पंधरा हजार एकशे वीस. हा फक्त तिच्या पगारातनं कापलेला पैसा. मालकानं स्वतःचा वाटा भरायचा असतो तो वेगळाच. मग मी माझं पासबुक बघितलं. तेच. मग शेजारच्या साच्यावरच्या पोराचं. तेच. आम्ही दोनशेच्या वर माणसं आहोत त्या गिरणीत.

आता सांगा वकीलसाहेब. एका बाजूला पन्नास रुपये. दुसऱ्या बाजूला पंधरा हजार एकशे वीस. तीच बाई, तीच गिरणी, तेच गेट. चोर कोण?

तुम्ही म्हणाल, त्यालाही कायदा आहे. आहे. मी वाचलाय. कामगाराच्या पगारातनं फंडाचे पैसे कापून जो मालक भरत नाही, त्यानं विश्वासानं सोपवलेला पैसा अप्रामाणिकपणे वापरला असं धरावं, असा खुलासा १९७३ साली जुन्या कलम ४०५ ला जोडला. नव्या संहितेत तो ३१६ मध्ये आला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पूर्वी तीन होती, आता पाच झाली, हेही कबूल. पण बघा : नोकरानं मालकाचा विश्वास मोडला तर सात. मालकानं नोकराचा मोडला तर पाच. दोन वर्षांचा फरक कशाचा आहे? हा फरक म्हणजे खुर्ची.

आणि ही पाच तरी कुणी भोगायची? मी पोलिसात गेलो. पावत्यांच्या झेरॉक्सा घेऊन गेलो. तिथला माणूस म्हणाला, "हे फंडाच्या ऑफिसचं काम. इथं नाही." फंडाच्या ऑफिसात गेलो. "अर्ज टाकून जा." टाकला. पोच घेतली. अजून पोचच आहे हातात. चारशे ग्रॅम वेस्टला अर्ध्या तासात जीप आली होती. पंधरा हजारांना टपाल पण येत नाही.

ही झाली कापलेल्या पैशाची गोष्ट. जो पैसा दिलाच नाही त्याचं काय? ठरल्या तासांच्या वर काम केलं तर दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून लिहून ठेवलंय. आमच्यात बारा तासांची पाळी होते आणि पैसे एकेरीच मिळतात. किमान वेतनापेक्षा कमी देणाऱ्याला १९४८ च्या किमान वेतन कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद तरी होती, दंड पाचशे रुपये का होईना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता लागू झाली. तिच्यात कमी पगार देणाऱ्या मालकाला पहिल्या वेळी कैदच नाही. पन्नास हजारांपर्यंत दंड. तोसुद्धा निम्मा भरून तडजोड करता येते. पाच वर्षांत पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड वाढला, जेल मागं सरली. माझ्या घामातनं मारलेले पैसे आणि त्याच पैशातनं भरलेला दंड. ह्याला शिक्षा म्हणतात का धंद्याचा खर्च?

वकीलसाहेब हसतील. म्हणतील, पोरा, चोरी जंगम मालमत्तेची होते. तुझा वेळ, तुझा घाम ही काय हातात धरायची वस्तू आहे? कायद्यात बसत नाही.

बसत नाही? मग वीज कशी बसली? वीज हातात धरता येते? खिशात घालता येते? वीज ही जंगम मालमत्ता नाही, हे कोर्टांनीच म्हटलेलं आहे. तरी १९१० च्या वीज कायद्यात एक कलम घातलं आणि वीज घेणं ही चोरी मानली. आज २००३ चा कायदा आहे, कलम १३५, तीन वर्षांपर्यंत कैद. आमच्या वस्तीत आकडा टाकून एक बल्ब पेटवणाऱ्याला ते माहीत आहे. म्हणजे ज्याची वीज होती त्याचं नुकसान झालं तेव्हा कायद्यानं डोकं लढवलं. न दिसणारी गोष्ट दिसणारी करून टाकली. फंडाचा पैसाही १९७३ साली तसाच दिसायला लागला. कायद्याला करायचं असलं की करता येतं. बारा तासांतले चार तास रोज गायब होतात, त्यांना आकडा टाकणारा कोण ते आम्हाला माहीत आहे. कलम तेवढं लिहायचं राहिलंय.

आता जमिनीकडं येतो. तिथं तर मौज आहे.

चोरीच्या व्याख्येत जमीन बसत नाही. १८६० मध्ये नाही, आजही नाही. जोवर वस्तू जमिनीला चिकटलेली आहे तोवर तिची चोरी होत नाही. जमिनीपासून तोडली की चोरी होऊ शकते. कायद्यानंच झाडाचं उदाहरण दिलंय. म्हणजे माझ्या आजीनं पाटलाच्या बांधावरची काटकी तोडून चुलीला आणली तर आजी चोर. आणि पाटलानं आजीच्या नवऱ्याची सगळी जमीन गिळली तर ती चोरी नाही. तो 'दिवाणी वाद'. काटकी फौजदारी, रान दिवाणी.

आमचं वतन होतं. महारकी. गावाची मेलेली ढोरं ओढायची, सरकारी टपाल धावत पोचवायचं, पाटलाच्या दारात उभं राहायचं, त्याच्या बदल्यात तुकडा जमीन. त्या वेठबिगारीतनं सोडवावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन बिल आणलं. ते तेव्हा पास झालं नाही. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा आला तो १९५८ साली. जमीन आमच्या नावावर आली, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती देता-विकता येत नाही अशी अट. अट चांगली होती, आमच्या रक्षणाची होती. पण बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आज्यानं दोन पोती ज्वारी उसनी घेतली आणि कोऱ्या कागदावर अंगठा दिला. पुढं पीकपाहणीला दुसऱ्याचं नाव लागलं. कलेक्टरची परवानगी कुणाला दिसली नाही. तलाठ्याला दिसली नाही, सर्कलला दिसली नाही. जमीन मात्र गेली. दोन पोती ज्वारी!

दलित-आदिवासींची जमीन बळकावणं हा गुन्हा आहे असं कायद्यानं स्पष्ट लिहिलं ते १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात. सहा महिने ते पाच वर्षं. काटकीचा कायदा १८६० चा, रानाचा १९८९ चा. मध्ये एकशे एकोणतीस वर्षं. तेवढ्यात रानं वाटून झाली होती.

आणि हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. त्या बाईला कोर्टातनं जामीन मिळाला तेव्हा जामीनदार पाहिजे होता. सातबारा असलेला माणूस आणा म्हणाले. आमच्या अख्ख्या वस्तीत सातबारा कुणाकडं आहे? आधी सातबारा पळवायचा, मग सुटायला सातबारा मागायचा. शेवटी गावच्या एका शेतकऱ्याच्या पाया पडून माणूस आणला.

शहरात सातबारा नसतो, तिथं नियम असतो. मुंबईच्या अठ्ठावन्न गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन. १९८२ च्या १८ जानेवारीला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, हजारोंना परत आत घेतलं नाही. १९९१ साली नियम ५८ झाला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ साली नियम बदलला : वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? जिथं साचे उभे, गोदामं उभी, चिमणी उभी, ती मोकळी नव्हे. ती मालकाची. हायकोर्टानं २००५ साली लोकांच्या बाजूनं निकाल दिला, सुप्रीम कोर्टानं २००६ च्या मार्चमध्ये तो फिरवला. निकाल कायदेशीर आहे, मी मान्य करतो. मी फक्त एवढंच म्हणतो की चारशे ग्रॅम वेस्ट पदराखाली घालावं लागतं आणि शेकडो एकर जमीन एका शब्दाखाली मावते.

सोलापुरात या. रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हणा, बरोबर नेऊन सोडतो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यात आला. पारधी, भामटा, कैकाडी, मांग-गारुडी : पोर जन्मलं की चोर. चोरी करायची गरज नाही, आईच्या पोटी यायचं एवढंच. तारेच्या कुंपणात कोंडलं, रोजची हजेरी, आणि त्याच माणसांना सोलापूरच्या गिरण्यांत कामाला धाडलं. म्हणजे गिरणीला मजूर पाहिजे होते, आणि कुंपणात मजूर होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, लोक विमुक्त झाले. १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. जमातीचं नाव पुसलं, पोलिसाच्या डोळ्यातलं पुसलं नाही. नव्या संहितेत कलम ११२ आहे : टोळीतल्या माणसानं केलेली चोरी म्हणजे छोटा संघटित गुन्हा, कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त सात. टोळी कशाला म्हणायचं? तीन पारधी एका एस.टी.तनं उतरले की टोळी, आणि सात संचालक एका टेबलाभोवती बसून फंड भरायचा नाही असं ठरवतात ते मंडळ!

ह्याची मुळं मी शोधत गेलो आणि जिथं पोचायचं तिथंच पोचलो. मनुस्मृतीचा आठवा अध्याय. शास्त्रीबुवा सांगतात की चोरीबद्दल शूद्राला आठपट दोष आणि ब्राह्मणाला चौसष्टपट, बघा केवढा न्याय! होय, लिहिलंय. पण पुढं त्याच अध्यायात हेही लिहिलंय की ब्राह्मणानं कुठलंही पाप केलं तरी त्याला मारू नये, सगळ्या धनासकट, जखम न करता राज्याबाहेर घालवावं. आणि त्याही पुढं लिहिलंय की ब्राह्मणानं शूद्राचं धन खुशाल घ्यावं, कारण शूद्राचं स्वतःचं असं काही नसतंच. वाचलं ना? ज्याचं काही नसतंच त्याची चोरी होणार कशी? चौसष्टपट दोषाचा सगळा हिशोब त्या एका श्लोकात बुडाला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं. पुस्तक जळालं, पण तो हिशोब आमच्या गिरणीच्या पगारपत्रकात अजून चालू आहे. 'कामगाराचं स्वतःचं असं काही नसतंच.'

वकीलसाहेब, मी कायद्याच्या विरुद्ध नाही. राज्यघटना ज्यानं लिहिली त्याच्या फोटोला तुम्ही हार घातला, मी रोज घरातनं निघताना त्याच फोटोकडं बघतो. कलम १४ मला पाठ आहे. कायद्यापुढं सगळे समान. पण ते वाक्य टाळी घेण्यासाठी नाही, ते हप्त्याहप्त्यानं वसूल करायचं देणं आहे. तुम्ही आमच्यात येऊन वसुली झाली असं सांगता. झाली नाही. ज्या दिवशी पंधरा हजारांसाठी अर्ध्या तासात जीप येईल त्या दिवशी मी स्वतः तुमच्या व्याख्यानाच्या सतरंज्या उचलीन.

आता माझं. तारीख लागेल. मला पंच म्हणून बोलावतील. मी खोटं बोलणार नाही. कापूस होता, चारशे ग्रॅम होता, सही माझी आहे. तिनं घेतला, हे मी नाकारणार नाही, तीही नाकारत नाही. पण पुढं मी काही बोलायला गेलो तर कोर्ट म्हणेल, विचारलं तेवढंच सांगा. म्हणून न विचारलेलं इथं लिहून ठेवतोय. हे वाचून उद्या मला गेट बंद झालं तर त्याचाही पंचनामा कुणीतरी करावा.

आणि वाचणाऱ्यांनो, हळहळून पान उलटू नका. आपापलं फंडाचं पासबुक आज उघडा. पगाराची पावती फेकू नका. कपात दिसते आणि भरणा दिसत नाही, तर चार जण मिळून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्यात कलम ३१६ आणि त्याचा खुलासा लिहा, पोच मागा. परत पाठवलं तर पुन्हा जा. अर्ज लिहिता येत नसेल तर माझ्याकडं या. माझं अक्षर चांगलं आहे. गिरणीच्या साहेबानं तसं सर्टिफिकेट दिलेलं आहे.

पहिला अर्ज त्या बाईचा लिहिलाय. खाली तिचा अंगठा आहे. कागद ह्यावेळी कोरा नव्हता. मी तिला सगळा वाचून दाखवला, मगच तिनं अंगठा उठवला.

जय भीम.